फाटकाआधीची वीस पावलं

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळ

प्रिय एक्सप्रेस,

कशी आहेस? घरी सगळे बरे असतील. आईची कंबर आता कशी आहे? तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांगू नकोस, उगाच त्यांचा सकाळचा चहा कडू व्हायचा. मी बरा आहे. वजन थोडं वाढलंय, आणि दोन वर्षांत एकही काच फोडलेली नाही.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे टेबलावर तसंच ठेवून दिलं असशील. ठेव. दोन दिवस ठेव हवं तर. पण फाडू नकोस. आपल्या दोघांत कागद फाडण्याचं खातं माझ्याकडे आहे.

आधीच सांगतो, हे त्या जातीचं पत्र नाही. ते अकरा पानी, प्रत्येक ओळीखाली रेघ मारलेलं वगैरे. उत्तरासाठीही नाही. एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

कॉलेज सोडल्यावर सहा महिने मी घरात आडवा पडून पंख्याकडे बघत होतो. बाबा म्हणाले, "तो बघ, बिचारा दिवसभर फिरतोय. तू निदान कूस तरी बदल." शेवटी मामाच्या ओळखीने इथे लागलो. इथे म्हणजे अंध माणसांना सोबत करणारे कुत्रे जिथे तयार करतात तिथे. हसू नकोस. मला माहीत आहे, माझ्यासारख्या माणसाच्या हाती मुकं जनावर कुणी दिलं असं तुला वाटणार. मलाही तेच वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी एका कुत्र्याने बूट चावला म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. तर ओळीतल्या एकोणीसही खोल्यांमधून भुंकणं सुरू झालं. आमच्या मुख्य शिक्षिका आल्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. आवाज घोगरा, गळ्यात कायम एक शिट्टी, जी त्या कधीच वाजवत नाहीत. म्हणाल्या, "तू एकावर ओरडलास. आता एकोणिसांना गप्प कर. ओरडून नाही हं." मी मधल्या वाटेवर फरशीवर बसलो. आत नुसता धुमसत होतो, आणि ते भुंकत होते. जेवणाच्या वेळेपर्यंत बसलो. मग भूक लागली, कंटाळा आला, आणि धुमसायचं राहून गेलं. तेव्हा कधीतरी ते एकेक करून आडवे झाले. ताई जाता जाता म्हणाल्या, "त्यांना तुझं तोंड वाचता येत नाही. तुझं मनगट वाचता येतं."

तू कॉलेजच्या पायऱ्यांवर जे म्हणाली होतीस ते मला त्या दिवशी आठवलं. पण ते नंतर.

साय ही माझी पहिली कुत्री. दुधावरच्या सायीचा रंग, म्हणून हे नाव. सात महिने मी तिला शिकवलं. तिच्या पाठीवर एक पट्टा असतो आणि पट्ट्याला ताठ दांडा, त्याला आम्ही मूठ म्हणतो. मूठ डाव्या हातात धरायची. पायरी आली, खड्डा आला, गाडी आडवी आली की कुत्र्याने थांबायचं. तो थांबला म्हणजे पुढे काहीतरी आहे. माणसाने पाय पुढे करून चाचपायचं आणि मग "पुढे" म्हणायचं. सगळा डोलारा एवढ्या एका गोष्टीवर उभा असतो: कुत्रा उगाच थांबत नाही.

नोव्हेंबरात साय एका काकूंना दिली. काकू हॉस्पिटलच्या फोनवर बसतात. बावीस वर्षं झाली. गावाचं निम्मं दुखणं आधी त्यांच्या कानातून जातं आणि मग डॉक्टरपर्यंत पोचतं. एकट्या राहतात, आणि जीभ अशी की भाजीवाला स्वतःहून चांगली भाजी काढून देतो. त्यांचं घर बाजारामागे. हॉस्पिटल कुठे आहे ते तुला माहीत आहे.

(इथे मी पेन ठेवून पाणी पिऊन आलो.)

मागच्या बुधवारी काकू पडल्या. हॉस्पिटलच्या अलीकडे पाइपासाठी चर खणलाय ना, त्यात. उजवं मनगट मोडलं. साय थांबली होती. काकूंनी "पुढे" म्हटलं, ती हलली नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. तेव्हा काकूंनी वैतागून तिला ओलांडलं आणि पाय टाकला. लोक सांगतात, साय चराच्या काठावर पोट टेकून बसून राहिली, कुणी ओढलं तरी उठेना.

ताईंनी मला काकूंकडे धाडलं, कारण शोधून ये म्हणून. काकू प्लास्टर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "चूक तिची नाही रे, माझी पण नाही. ही रोज एका ठिकाणी विनाकारण थांबते. पायरी नाही, खड्डा नाही. रोज मी वेड्यासारखी पायाने हवा चाचपते. मग मी ठरवलं की हिला थांबायची खोडच आहे."

मी विचारलं, कुठे थांबते. उत्तर मला माहीत होतं.

"लोखंडी फाटक आहे. आतून ओल्या मातीचा वास येतो, कुंड्यांना पाणी घालतात सकाळी. एक मुलगी येते बाहेर. 'काकू, इथे काही नाहीये, ही का थांबते?' म्हणते. सायच्या कानामागे खाजवते. गोड आहे आवाजाने. पण इतक्या घाईने बोलते की वाक्याचा शेवट गिळूनच टाकते."

एक्सप्रेस, दोन वर्षांनी तुझी बातमी मला अशी मिळाली. मला त्या कुत्रीचा हेवा वाटला. मनगट मोडलेल्या बाईंसमोर बसून मला कुत्रीचा हेवा वाटला. असा मी.

आता लिहितो. पायऱ्यांवर तू म्हणाली होतीस, "मला तुझी भीती नाही वाटत. पण तू आलास की माझे खांदे आखडतात. घरी जाऊन तासाभराने सैल होतात. तू आलास की सगळं कँटीन हळू बोलायला लागतं, तुला दिसत नाही का? मला असं नाही जगायचं. आमच्या गल्लीत येऊ नकोस." मी हो म्हटलं होतं. नुकतीच प्रयोगशाळेच्या कपाटाची काच फोडली होती. का, तर एका पोराने तुझी वही हातात घेतली होती, बस एवढ्यासाठी. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी लिहायला सांगितलेला माफीनामा मी त्यांच्यासमोर फाडला आणि निघून आलो. पण गल्लीचं वचन पाळेन असं वाटलं होतं.

मी आलो. सात महिने, आठवड्यातून तीन-चार वेळा. सायला घेऊन. फलाटासारखा रुंद फुटपाथ, कमी गाड्या, शिकवायला बरी जागा, असं वहीत लिहायचो. तुझ्या फाटकाशी क्षणभर थांबायचो. बुटाची नाडी, पट्ट्याचं बक्कल, काहीही निमित्त. वर बघायचो आणि पुढे जायचो. तू एकदाही दिसली नाहीस. पण साय शिकली, की इथे थांबायचं असतं.

काकू पडल्या त्याचं कारण मी आहे. चार दिवस झाले, कुणाला बोललो नाही. उद्या ताईंना सांगणार आहे. पहिल्यांदा तुला सांगतोय, कारण वचन तुला दिलं होतं.

काम एवढंच. सायची ती सवय मोडावी लागेल. काही दिवस सकाळी आठच्या सुमाराला फाटकाशी येऊ नकोस. खिडकीतही नको. ती थांबली तरी तिला हात लावू नकोस. तुझा हात लागला की तिला वाटतं, बरोबर केलं.

तिला तसं वाटलं तर तिचं काय चुकलं म्हणा.

तुझाच,
काडेपेटी


१७ फेब्रुवारी, सोमवार, दुपार

प्रिय एक्सप्रेस,

खिडकी बंद असते. म्हणजे पत्र वाचलंस. बाकी काही न विचारता आभार मानतो.

ताईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या ती शिट्टी आयुष्यात पहिल्यांदा वाजवतील. त्या म्हणाल्या, "तूच शिकवलंस, तूच विसरायला लाव. पंधरा दिवस. नाही जमलं तर साय परत येईल, तिला कुणाच्या तरी अंगणात राहायला देऊ. दुसरा कुत्रा तयार व्हायला वर्ष जाईल. आणि तूही मग घरी जायचंस." दुसऱ्या वाटेने का नाही, असं मी विचारलं. दुसऱ्या वाटेवर सहा रस्ते एकत्र येतात आणि ट्रक कुणाचं ऐकत नाहीत. काकूंना ती वाट नाही. वर्षभर काकू घरात बसल्या तर हॉस्पिटल त्यांची खुर्ची तोपर्यंत धरून ठेवणार नाही.

मग काकूंना सांगितलं. मान खाली घालून. त्यांना ते दिसत नाही हे विसरूनच गेलो होतो. त्या म्हणाल्या, "मान वर कर, आवाज छातीत अडकतोय." आणि मग, "म्हणजे तीन महिने मी तुझ्या प्रेमात पायाने हवा चाचपत होते होय रे?" आणि इतकं हसल्या की प्लास्टर दुखायला लागलं. मग म्हणाल्या, "मनगट भरून येईल. पण मला आता ती थांबली की राग येतो, आणि तिच्यावर रागावून मी रस्त्यावर चालू शकत नाही. ते तेवढं मला परत आणून दे."

रोज सकाळी आम्ही निघतो. डाव्या हाताला साय, उजव्या कोपराला काकू. त्यांनीच हट्ट धरला, म्हणाल्या, "मी येणार, मला ऐकायचंय." आज अकरावा दिवस. अकराही दिवस साय थांबली.

पहिल्या दिवशी मी दात आवळून गेलो. थांबली. दुसऱ्या दिवशी सतराचा पाढा म्हणत गेलो. थांबली, वर माझ्याकडे असं बघितलं की सतरा साते चुकलं म्हणून. चौथ्या दिवशी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला. तुझे सगळे दोष आठवले, एकूण दोन निघाले, ते फाटकापर्यंत पुरले नाहीत. सातव्या दिवशी मी मूठ जोरात पुढे रेटली. आवाज चढला. सायने कान पाडले आणि पोट खाली घेतलं, आणि काकूंचा हात माझ्या कोपरावरून सुटला. थोडा वेळ त्या काही न धरता उभ्या होत्या. भर रस्त्यात. पुन्हा धरला तेव्हा बोटं आखडलेली होती.

मला वाटलं, खांदेही आखडले असतील.

काल काकू म्हणाल्या, "सांगू? तू फाटकाआधी वीस पावलांवर श्वास धरतोस. मी मोजलीत. दिव्याचा खांब येतो, आणि तुझा श्वास बंद. मग साय हळू होते. ती फाटकाला थांबत नाही रे, तुला थांबते."

मी म्हटलं, तसं काही नाही.

"डोळे नसले म्हणून कान काही उसने आणलेले नाहीत मी."

मी विचारलं, मग करू काय? श्वास घेत राहू? म्हणाल्या, "ते मला काय विचारतोस! तू तिथे रोज कसली वाट बघतोस ते बघ. बावीस वर्षं मी फोनवर आहे. वाट बघणारी माणसं पलीकडून काही बोलत नाहीत, नुसता श्वास धरून ठेवतात. मला कळतं."

मी कसली वाट बघतो? खोटं नाही लिहिणार. तू खिडकी उघडशील. मला सायबरोबर बघशील. किती शहाणा झालाय म्हणशील. खाली येशील. हे सगळं रोज वीस पावलांत होतं. मी सवय मोडायला येत नव्हतो, मी तुला दाखवायला येत होतो. माफीसुद्धा तुझ्याकडून वसूल करायला आल्यासारखा.

चार दिवस उरलेत. एक गंमत सांगून संपवतो. मी घरात शिरलो की बाबा रेडिओ बारीक करायचे. कधीपासून, कुणास ठाऊक. मला वाटायचं, त्यांचे कान तेवढेच आहेत. तुझं कँटीनचं वाक्य मनात नसतं तर कळलंही नसतं. परवा लक्ष ठेवून बघितलं. मी चपला काढल्या, त्यांचा हात बटणाकडे गेला.

काडेपेटी


३ मार्च, सोमवार, सकाळ

प्रिय,

हे शेवटचं. छोटंच लिहायचं ठरवलंय, बघू.

चौदाव्या दिवशी मी हरलो होतो. खरंच सांगतो. खांबापाशी आलो तेव्हा मनात एवढंच होतं, की साय जाणार, काकू घरी बसणार, आणि मी पुन्हा पंख्याखाली. हरलेल्या माणसाकडे बघण्यासारखं काही नसतं. म्हणून मी तुझ्या घराकडे पाहिलं. खिडकीकडे नाही, घराकडे.

सात महिने आणि चौदा दिवस तिथून गेलो असेन, पण ते फाटक हिरवं आहे हे मला ठाऊक नव्हतं. खालची एक सळई वाकलेली आहे. कुंड्या सात आहेत, एक फुटकी, तिला तारेने आवळलंय. दारात तुझ्या बाबांचे बूट, एकात वर्तमानपत्राचा बोळा. आतून कुणीतरी विचारलं, "कात्री कुठे ठेवलीस?" आणि कुणीतरी काहीतरी उत्तर दिलं. तुझा आवाज नव्हता. असता तरी चाललं असतं.

त्या घरात सकाळ चालली होती. कात्री सापडत नव्हती. माझ्यावाचून सगळं नीट चाललं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या घरात कुणाचे खांदे आखडलेले नाहीत, असं मनात आलं आणि बरं वाटलं. इतकं साधं. त्यासाठी मला दोन वर्षं लागली, आणि एका बाईंचं मनगट.

काकूंनी कोपर दाबलं. मी म्हटलं, काय झालं? त्या म्हणाल्या, "फाटक कधीच मागे पडलं."

मी खाली बघितलं. साय चालत होती. शेपटी सैल, कान सैल. तिच्यासाठी ते एक घर होतं, रस्त्यावरच्या इतर घरांसारखं.

ओढ गेली असं समजू नकोस. ती आहे. हे लिहितानाही आहे, जेवताना आहे, तुझ्यासारखं भरभर बोलणारं कुणी दिसलं की मान आपोआप वळते. तुझ्या हातचा तो एक चिठोरा अजून पाकिटात आहे, "उद्या माझी वही आण" एवढंच लिहिलेलं. ती ओढ माझी मी सांभाळतो. मुठीत उतरू देत नाही, एवढंच जमलंय.

पंधराव्या आणि सोळाव्या दिवशीही साय थांबली नाही. त्यानंतर ताईंनी स्वतः येऊन बघितलं. संध्याकाळी त्यांनी मला नवं पिल्लू दिलं, काळं, अतिशय आगाऊ. त्याने पहिल्याच तासात माझा बूट चावला. मी नुसता बूट काढून घेतला. ओळीतल्या कुणीही डोकं वर केलं नाही.

काकूंचं प्लास्टर अजून आहे, पण मूठ डाव्याच हातात धरायची असते. मागच्या सोमवारपासून त्या एकट्या जाताहेत. फोनवर उजव्या हाताऐवजी डावा, त्यामुळे सगळ्यांना चुकीच्या डॉक्टरांकडे जोडून देते असं म्हणतात, आणि त्याचा त्यांना आनंद आहे. शुक्रवारी संध्याकाळी, घरी परतताना, साय चराच्या फळीपाशी थांबली. काकूंनी पाय पुढे करून चाचपलं. फळी सरकलेली होती. त्यांनी खाली वाकून तिचं डोकं थोपटलं आणि लगेच मला फोन केला. मग म्हणाल्या, "परत मिळालं बरं का रे."

घरी परवा मी आलो, चपला काढल्या, हातपाय धुतले, बाबांशेजारी बसलो. रेडिओ होता तेवढाच होता. आई आतून ओरडली, "अहो, बारीक करा तो, मला ऐकू येत नाही काही!" तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हिला सांग, मॅच आहे." मला उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, ते घाबरले असते.

आता शेवटची गोष्ट. कुत्रा नव्या माणसाबरोबर एकटा जातो तेव्हा शिकवणाऱ्याने पहिले काही दिवस मागून चालायचं असतं, तीस-चाळीस पावलं राखून, पलीकडच्या बाजूने. आज शेवटचा दिवस होता. काकू आणि साय फाटकापुढून गेल्या. साय थांबली नाही. काकूंनी प्लास्टरचा हात वर केला, माझ्यासाठी.

मग मला जायचं होतं. हातात मूठ नव्हती, कोपराला कुणी नव्हतं. खांब आला. मी श्वास घेत होतो. हिरवं फाटक, सात कुंड्या. मी पुढे गेलो. आणि मागे, वरच्या मजल्यावर, खिडकी उघडल्याचा आवाज आला. महिनाभर बंद असलेल्या खिडकीचा असतो तसा, आधी अडकलेला आणि मग एकदम सुटलेला.

तू उघडलीस की आईने, मला माहीत नाही. मी वळलो नाही. पुढे काकू आणि साय चालल्या होत्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं. चर बुजवला आहे, पण माती अजून बसलेली नाही.

त्या गल्लीत यायचं मला आता काही काम उरलेलं नाही. येणार नाही. मागच्या वेळी हे वचन होतं. या वेळी नुसती बातमी आहे.

सकाळी खिडकी उघडी ठेवत जा. साय आठला जाते. तिला हाक मारलीस तरी आता चालेल. ती कान हलवेल आणि पुढे जाईल.

तुझ्या फाटकापुढून न थांबता गेलेला,
काडेपेटी